वयोगट : बाप्तिस्म्यापासून पुढे

तिहोमिरचा घात दुसऱ्या कुणी केला नाही. तो त्यानं स्वतःच केला, शाईच्या पेनानं आणि सुवाच्य अक्षरात. एकतीस वर्षं भूमापन कचेरीत काढलेल्या माणसाला फॉर्म भरता येणार नाही तर कुणाला येणार, असं तो त्या दिवशी म्हणाला होता. त्याची बायको ल्येर्का तेव्हा खिडकीशी बसून लाकडी पक्ष्यांना ब्रशनं डोळे काढत होती. मान वर न करता ती म्हणाली, "भर बाबा. लोकांचे फॉर्म परत पाठवण्यात तुझी हयात गेली. परत येईल असा फॉर्म कसा भरायचा, ते तुझ्याइतकं कुणाला माहीत असणार?"

झालं होतं असं, की मे महिन्यात नगरपालिकेचं पत्र आलं. आठ सप्टेंबरच्या मारियामातेच्या जत्रेत खेळणी विकणाऱ्यांनी, ती खेळणी तपासून सुरक्षित ठरल्याचं प्रमाणपत्र यंदापासून सादर करावं. न केल्यास जागा रद्द होऊन प्रतीक्षायादीतल्या पुढच्या अर्जदारास दिली जाईल. आता आमच्या ब्रेझ्नी डोलच्या जत्रेत तिहोमिरची जागा म्हणजे सात नंबर. चर्चच्या दारासमोर, लिंडनच्या झाडाखाली, जिथं सकाळभर सावली असते आणि प्रार्थना संपली की माणसं आपोआप येऊन आदळतात. ही जागा त्याच्या आजोबांनी धरली, वडिलांनी दोन युद्धं आणि तीन राजवटींतून राखली. प्रतीक्षायादीतला पुढचा अर्जदार प्लॅस्टिकच्या कर्कश बंदुका विकायचा. त्याची कागदपत्रं चोख होती, बंदुकांच्या कंटेनरमधूनच ती येत.

"सात नंबर गेला, तर वर गेल्यावर बापाला तोंड कसं दाखवू?" तिहोमिर म्हणाला.

"तो तरी तिथं बसून वाट बघत असेल होय? जागा बघत हिंडत असेल वरच्या जत्रेत," ल्येर्का म्हणाली.

तिहोमिर बनवायचा ते खेळणं म्हणजे टपटप्या. लाकडाचा पक्षी, खाली दोन चाकं, मागं लांब दांडी. दांडी धरून ढकललं की चाकं फिरतात आणि चामड्याच्या पट्टीनं जोडलेले पंख टपटप टपटप वाजतात. कोरायचा पुरुषांनी, रंगवायचा बायकांनी, ही आमच्या झगोर्ये भागातली जुनी वाटणी. तिच्यामुळे कित्येक संसार टिकले आणि तितक्याच संसारांत रोज भांडणं झाली. आणि आमच्या गावची रीत अशी, की बाळाच्या बाप्तिस्म्याला धर्मपित्यानं पाळण्यात टपटप्या ठेवायचा. सोन्याची साखळी विसरली तरी चालते. टपटप्या विसरलेला धर्मपिता आमच्याकडे एकच होऊन गेला, त्याला लोक अजून त्याच नावानं ओळखतात.

तर फॉर्ममध्ये एक रकाना होता : वयोगट. इथं शहाण्या माणसानं 'तीन वर्षांवरील' असं लिहून पुढं सरकायचं. पण तिहोमिर थांबला, चष्मा पुसला, आणि तीन पिढ्यांचा अभिमान एकवटून त्यानं लिहिलं : 'बाप्तिस्म्यापासून पुढे'. त्याखाली एक रेघही ओढली. कचेरीत असताना महत्त्वाच्या नोंदीखाली तो नेहमी रेघ ओढायचा.

तीन आठवड्यांनी झाग्रेबच्या प्रयोगशाळेचं उत्तर आलं. आपण नमूद केलेल्या वयोगटावरून आपलं उत्पादन छत्तीस महिन्यांखालील बालकांसाठी असल्याचं दिसून येतं, सबब त्यास सर्वांत कडक चाचण्या लागू होतात. सबब तंतोतंत एकसारखे बारा नमुने पाठवावेत. सबब प्रत्येक रंगाचा स्वतंत्र तपशील द्यावा. सबब उत्पादनापासून संभवणाऱ्या धोक्यांचं लेखी मूल्यमापन जोडावं. तिहोमिरनं पत्र तीनदा वाचलं. सबब हा शब्द त्याचा स्वतःचा लाडका होता. तो दुसऱ्याच्या तोंडून कसा लागतो, हे त्याला अडुसष्टाव्या वर्षी कळलं.

तो नगरपालिकेत गेला. जत्रेचं टेबल नेवेन्काकडे होतं. चाळिशीतली, नीटनेटकी बाई, पेन्सिली एका उंचीच्या ठेवणारी. वीस वर्षांपूर्वी ती आईच्या द्राक्षमळ्याचा नकाशा घेऊन तिहोमिरकडे आली होती आणि शिक्का चौकटीबाहेर गेला म्हणून त्यानं तिला तीन वेळा परत पाठवलं होतं. ती ते विसरली नव्हती आणि तिच्या मनात रागही नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं.

"तेवढं 'तीन वर्षांवरील' करून द्या," तिहोमिर म्हणाला. "हात घसरला."

नेवेन्कानं फॉर्म काढला. "काका, हात घसरला तर रेघ इतकी सरळ कशी आली?"

"खोडून बाजूला सही करतो."

"नोंद झाली म्हणजे झाली, तुम्हीच शिकवलंत मला. आणि बदललं तरी उपयोग नाही. ढकलायचं खेळणं म्हटलं की ते चालायला शिकणाऱ्या पोरांचंच धरतात, तुम्ही काहीही लिहा. फरक एवढाच, की तुम्ही कबुलीजबाब स्वतः दिलात."

बाहेर पडताना तिहोमिरला वाटलं, की गेल्या एकतीस वर्षांत परत गेलेली सगळी माणसं दाराबाहेर रांगेनं उभी आहेत आणि त्याच्याकडे बघून सौजन्यानं मान हलवताहेत. प्रत्यक्षात बाहेर एक कुत्रं होतं, पण तेही त्याच्याकडेच बघत होतं.

त्या संध्याकाळी विलिम आला. विलिम शेजारी, बालमित्र, आणि जर्मनीत बावीस वर्षं काढून आलेला. सोडा घातलेली वाइन त्याच्यापुढं ठेवली की जर्मनी सुरू व्हायची.

"धोक्यांचं मूल्यमापन म्हणजे काय विशेष नाही," विलिम म्हणाला. "जर्मनीत आम्ही शिडीवर चढायच्या आधी करायचो. प्रामाणिकपणे लिहायचं. काही लपवायचं नाही. लपवलं की संशय येतो."

आता हा सल्ला जर्मनीत ठीक असेल, पण तो भूमापन कचेरीतल्या माणसाला द्यायचा नसतो. तिहोमिरनं चार दिवस गावभर फिरून टपटप्यापासून झालेल्या सगळ्या दुखापती जमवल्या आणि तारीखवार मांडल्या. एक चुलतबहीण चाकावरून घसरली होती. एका बाळानं दांडी भावाच्या कानात घातली होती. पाद्रीबाबांना प्रार्थनेच्या वेळी टपटप ऐकून तीव्र डोकेदुखी झाली होती, तीही त्यानं 'संभाव्य श्रवणविषयक धोके' या मथळ्याखाली घेतली. आणि सर्वांत वर : विलिमचा पुढचा दात, टपटप्याचा डोक्यात मारण्यासाठी उपयोग केल्यानं, नेम चुकून.

"हे काढ," विलिम म्हणाला.

"काढू कसं? तूच म्हणालास लपवू नको."

"मारणारा कोण होता ते लिहिलं नाहीस मग."

तिहोमिरनं मान खाली घालून 'उत्पादक स्वतः' असं लिहिलं. पुढं प्रयोगशाळेत हे मूल्यमापन म्हणे सगळ्यांनी आळीपाळीनं वाचलं.

खरी आग लागली ती बारा नमुन्यांवरून. तंतोतंत एकसारखे म्हणजे काय, हेच मुळी ल्येर्काला पटेना. चाळीस वर्षं तिनं पक्षी रंगवले होते आणि त्यातले दोन कधी जुळे निघाले नव्हते. एक खट्याळ निघायचा, एक खुळा, एक तर तिच्या सासूसारखा बघायचा. तिहोमिर पट्टी आणि कंपास घेऊन तिच्या मागं उभा राहिला.

"डावा डोळा दोन मिलिमीटर वर गेलाय," तो म्हणाला.

"तुझाही गेलाय. मी कधी बोलले?"

नऊ दिवस घरात असं चाललं होतं. स्वयंपाक झाला तो भांडणाच्या मधल्या वेळात. ल्येर्कानं बाराच्या बारा पक्षी पट्टीनं आखून रंगवले. मेलेल्या चेहऱ्याचे, एका रांगेत बसवलेले, जणू कुणाच्या तरी चौकशीला आलेले. शेवटच्या दिवशी, बाराव्याच्या शेपटीवर ब्रश टेकवताना तिचे डोळे भरून आले. "मी माणूस आहे रे, छापखाना नाही," ती म्हणाली, आणि बाराव्याच्या गालावर एक जादा लाल ठिपका देऊन उठली. तिहोमिरनं तो ठिपका पाहिला. चाळीस वर्षांच्या संसारात गप्प कधी बसायचं एवढं त्याला नक्की कळलं होतं.

प्रयोगशाळेनंही तो ठिपका पाहिला. बारावा पक्षी परत आला, सोबत चिठ्ठी : जादा ठिपक्यामुळे हे स्वतंत्र उत्पादन ठरतं, त्यासाठी वेगळा अर्ज करावा. अकरांवर भागवून घेतो म्हणाले, तेवढी माणुसकी दाखवली.

ऑगस्टमध्ये चाचणी बघायला तिहोमिर स्वतः झाग्रेबला गेला. तिथला इंजिनिअर बोर्ना, तरुण आणि अदबशीर, पांढऱ्या डगल्यातला. त्यानं पहिला पक्षी टेबलाच्या उंचीवरून पाच वेळा लादीवर टाकला. काही झालं नाही. मग पंख यंत्राच्या चिमट्यात धरून ओढला. यंत्र कण्हायला लागलं, पंख निघेना.

"चामडं दुहेरी आहे," तिहोमिर शक्य तितक्या सहज म्हणाला. "आजोबांची पद्धत."

"मानलं," बोर्ना म्हणाला. "यांत्रिक चाचणीत इतकं पक्कं खेळणं मी यंदा बघितलं नाही. आता हे लाळेत ठेवू."

"कुणाच्या?"

"कृत्रिम लाळ असते. मुलं चोखतात ना."

"आमच्या गावात खरी मिळाली असती," तिहोमिर म्हणाला. गाडीत बसून घरी येताना तो चक्क गुणगुणत होता. यंत्राला पंख निघाला नाही, हे त्यानं शेजारच्या अनोळखी बाईलाही सांगितलं.

आठवड्यानं निकाल आला. लाल ठीक, निळा ठीक, हिरवा, काळा ठीक. पिवळ्यात शिसं, मर्यादेच्या कित्येक पट. पिवळा म्हणजे वडिलांचा डबा. कधीच्या काळी बंद पडलेल्या कारखान्यातला, भला मोठा, आणि पिवळा लागायचा तो फक्त चोचीला, म्हणून संपता संपत नव्हता. बाळं टपटप्या तोंडात घालतात, ती चोचीकडूनच.

तिहोमिर खुर्चीत बसला. मग म्हणाला, "मी लहानपणभर तीच चोच चोखली."

"म्हणजे उलगडा झाला," ल्येर्का सवयीनं म्हणाली, आणि पुढच्याच क्षणाला तिचा चेहरा पडला. तिनं रियेकाला मुलीकडे फोन लावला आणि नातीचं रक्त तपासून घ्यायला सांगितलं. दोन दिवस दोघं जेवली नाहीत. रक्त चांगलं निघालं तेव्हा ल्येर्का फोन हातात धरून रडली, आणि तिहोमिर अंगणात जाऊन त्या डब्यासमोर उभा राहिला. मे महिन्यापासून तो सगळ्या गावाला सांगत होता, की हे नियम म्हणजे शुद्ध वेडेपणा आहे. आता त्यांतला एक नियम बरोबर निघाला होता, आणि तो नेमका त्याच्या बापाच्या डब्यावर येऊन बसला होता. डबा फेकायचा म्हटलं, तर घातक कचऱ्याचा फॉर्म भरावा लागतो. तो त्यानं मुकाट्यानं भरला, कुठंही रेघ न ओढता.

नवा पिवळा आणला, त्याच्या सगळ्या कागदपत्रांसकट. पण नवा रंग म्हणजे नवे बारा नमुने, नवी फी आणि सहा आठवडे. जत्रेला उरले होते सोळा दिवस.

मार्ग सुचवला श्टेफानियानं. श्टेफानिया आठ नंबरवाली, शेजारचं दुकान. ती मधाच्या कणकेची लाल हृदयं विकायची. साखरेची नक्षी, मधोमध आरशाचा तुकडा. प्रियकरानं प्रेयसीला द्यायचं, प्रेयसीनं भिंतीला टांगायचं, आणि पुढं नवऱ्यानं खाली काढून माळ्यावर टाकायचं. ते खाल्लेला माणूस आमच्या गावात कुणाच्या आठवणीत नाही.

"माझ्याकडे कुणी कागद मागत नाही," ती म्हणाली. "माझं हृदय खाद्यपदार्थात मोडतं. पीठ, मध, साखर. स्वच्छतेचा दाखला दिला की झालं."

"आणि आरसा?"

"आरशाबद्दल कुणी विचारलंच नाही. तू असं कर, तुझा पक्षी शोभेच्या वस्तूत घाल."

म्हणजे जे कुणी खात नाही ते खाद्य, आणि ज्याच्याशी चार पिढ्या खेळल्या ते खेळणं नव्हे. तिहोमिर हे नेवेन्काला म्हणाला. नेवेन्कानं वाद घातला नाही. शोभेची वस्तू चालेल, ती म्हणाली. तशी पाटी लावा, चौदा वर्षांखालच्यांसाठी नाही असं स्पष्ट लिहा.

"आणि काका, चाकं फिरता कामा नयेत. फिरली की ते खेळणं झालं."

"मग काय करू?"

"चिकटवून टाका."

तिहोमिरला नव्या पिवळ्या चोचीच्या चाळीस पक्ष्यांची चाकं चिकटवायला तीन दिवस लागले. त्याचे वडील प्रत्येक आसाला मेणाचं बोट लावायचे आणि चाक कानाशी धरून फिरवून बघायचे. तिहोमिर तसंच करत आला होता. आता त्यानं मेण लावायच्या जागी गोंद लावला, आणि सवयीनं प्रत्येक चाक कानाशी नेलं. ल्येर्का दारात उभी राहून बघत होती.

जत्रेच्या दिवशी सात नंबरवर तो वेळेवर हजर होता. पाटी त्यानं स्वतःच्या अक्षरात लिहिली होती : 'या वस्तू खेळणी नाहीत.' दरवर्षी त्याच्या दुकानापुढं इतकी टपटप असायची, की आठ नंबरवरून श्टेफानिया शिव्या घालायची. यंदा तिथं अगदी शांत होतं. तिहोमिर या नावाचा अर्थ आमच्या भाषेत शांतता. आईनं ठेवलेलं नाव अडुसष्ट वर्षांनी त्याच्या दुकानाला लागू पडलं. एका व्हिएन्नाच्या जोडप्यानं काचेच्या कपाटासाठी सहा घेतले. एक तरुण आला, त्याला दुसऱ्या दिवशीच्या बाप्तिस्म्यासाठी हवा होता.

"माझ्या पाळण्यातला तुमच्याकडचाच होता," तो म्हणाला.

"हा पाळण्यात ठेवायचा नाही," तिहोमिर म्हणाला. तरुणानं पाटी वाचली, हसावं की काय असं त्याच्याकडे बघितलं, आणि सोन्याची साखळी बघायला गेला.

दुपारी नेवेन्का तपासणीला आली. नेमकी त्याच वेळी एक चारेक वर्षांची मुलगी, आईचा हात सोडून, टेबलावरचा एक पक्षी उचलून खाली बसली. तिनं दांडी धरून ढकललं. चाकं दगडावरून खरडत गेली. तिनं पक्षी उलटा करून पाहिला, सरळ केला, पुन्हा ढकलला.

"आजोबा, हा बिघडलाय."

तीन पिढ्यांत सात नंबरवरून बिघडलेला पक्षी गेला नव्हता. तिहोमिरनं नेवेन्काकडे पाहिलं. नेवेन्का हातातल्या कागदाकडे बघत होती.

"बिघडलेला नाही, बाळ," तो म्हणाला. "तो असाच आहे."

"का?"

याचं उत्तर त्याच्याकडे पाटीवर होतं, पण तिला वाचता येत नव्हतं. मुलीनं पक्षी होता तिथं नीट ठेवला आणि आईनं घेऊन दिलेलं आठ नंबरचं लाल हृदय दोन्ही हातांनी धरून चावलं.

"अगं खाऊ नकोस," श्टेफानिया ओरडली, "ते खायचं नसतं. आरसा लागेल."

नेवेन्कानं सावकाश मान वळवली. "खायचं नसतं?" असं म्हणून तिनं पिशवीतून एक कोरा फॉर्म काढला. श्टेफानियाचा चेहरा तिच्या हृदयांसारखा लाल झाला. एरवी तिहोमिरला याची मजा वाटली असती. त्यानं आपली खुर्ची तिच्याकडे सरकवली आणि म्हणाला, "वयोगटाच्या रकान्यात काहीही लिहू नकोस. आधी मला विचार."

संध्याकाळी आवराआवर झाली. जागा वाचली होती. पुढच्या वर्षीची पावती नेवेन्कानं स्वतः आणून दिली, सात नंबर, नाव, शिक्का, सगळं चौकटीत. तिहोमिरनं ती खिशात घातली आणि त्याला काही वाटलं नाही. ल्येर्कानं आपल्या पिशवीतून एक पक्षी काढला. बारावा. जादा ठिपक्याचा, जुन्या पिवळ्या चोचीचा, न चिकटवलेल्या चाकांचा.

"घरी एकट्याला ठेवायला जीव झाला नाही," ती म्हणाली.

तिहोमिरनं दांडी धरली आणि पक्षी रस्त्यावर टेकवला. घराकडे निघाला तशी टपटप सुरू झाली. वाइनच्या दुकानापाशी उभा असलेला विलिम आडवा आला.

"या वयात?"

"मी चौदाच्या वरचा आहे," तिहोमिर म्हणाला. "मला परवानगी आहे."

विलिमनं दाताला हात लावला आणि बाजूला झाला. जरा पुढं गेल्यावर तिहोमिरला मागं पावलं ऐकू आली. तीच मुलगी, आईच्या चार पावलं पुढं.

"आजोबा, हा चालतोय. मला द्या ना."

"नाही बाळ. याच्या चोचीत विष आहे."

"मग तुम्ही कसे खेळता?"

"मी म्हातारा आहे."

तिला ते पटलं असावं. ती गेली नाही, पण पुन्हा मागितलाही नाही. पंखांकडे बघत मागून चालत राहिली. तिची पावलं लहान होती, मागं पडायला लागली. तिहोमिरनं पक्षी दिला नाही आणि थांबवलाही नाही. त्यानं आपली चाल जरा हळू केली.